भाजणीत हुलगा हवाच

थालीपिठाच्या भाजणीत धान्य किती आणि डाळी-कडधान्यं किती, हे प्रमाण घरागणिक बदलतं. सकाळच्या खाण्यातून पोटात प्रथिनं किती जाणार, हे त्याच प्रमाणावर ठरतं. नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधल्या पुष्कळ घरांत ज्वारी आणि बाजरी अर्धा-अर्धा किलो, गहू आणि तांदूळ पाव-पाव किलो, हरभऱ्याची डाळ पाव किलो, उडदाची डाळ सव्वाशे ग्रॅम, वर धणे-जिरे असा साधारण बेत असतो. चवीला उत्तम. पण हिशेब मांडला तर अशा 100 ग्रॅम भाजणीत प्रथिनं भरतात जेमतेम 12 ग्रॅम. बशीभर पोह्यांपेक्षा हे बरंच. तिथे शेंगदाणे धरूनही आकडा 6-7 ग्रॅमच्या पुढे सरकत नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 2020 साली दिलेल्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात. साठ किलोच्या माणसाला झाले सुमारे 50 ग्रॅम. यातला तिसरा हिस्सा तरी न्याहारीतून मिळाला, तर दुपारपर्यंत भूक धरून राहते आणि मधल्या वेळी चहा-खारीकडे हात जात नाही. एवढ्यासाठी डब्यातली महागडी पावडर आणायची गरज नाही. भाजणीतला तांदूळ आणि गहू काढायचा आणि त्या जागी कडधान्यं आणायची. त्यातही पहिला मान हुलग्याचा.

हुलगा म्हणजे कोकणातला कुळीथ. मुरमाड, हलक्या रानात, थोड्या ओलीवर येणारं हे पीक. पाऊस लांबला, बाजरी हातची गेली की शेवटचा उपाय म्हणून हुलगा पेरायचा, ही दुष्काळी भागातल्या शेतकऱ्याची जुनी रीत. जिल्ह्याच्या उत्तरेला 1926 मध्ये भंडारदऱ्याचं धरण पूर्ण झालं, प्रवरेच्या कालव्यांनी रानं भिजली, 1950 साली लोणीजवळ सहकारी साखर कारखाना उभा राहिला. उसाने भागाचं नशीब पालटलं, यात शंका नाही. पण काळ्या रानातून कडधान्य हटलं आणि हुलगा माळावर ढकलला गेला. आता तो ताटात दिसतो तो बहुधा थंडीतल्या शेंगोळ्यांपुरता. शंभर ग्रॅममध्ये 22 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, शिवाय लोह असलेल्या धान्याला एवढी कमी जागा देणं मला पटत नाही.

तर भाजणी अशी: ज्वारी अर्धा किलो, बाजरी पाव किलो, हरभऱ्याची डाळ पाव किलो, हुलगे पाव किलो, सालीसकट मूग पाव किलो, उडदाची डाळ सव्वाशे ग्रॅम, सोयाबीन सव्वाशे ग्रॅम, धणे मूठभर, जिरे त्याच्या निम्मे. आता 100 ग्रॅममागे प्रथिनं होतात साधारण 18 ग्रॅम. म्हणजे तेवढ्याच पिठात दीडपट.

मात्र खरं काम कढईपाशी आहे. प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं, कारण प्रत्येकाची वेळ वेगळी. हुलगे लोखंडी कढईत मध्यम आचेवर घातले की आधी काही मिनिटं काहीच घडत नाही. मग तांबूस दाणे तकतकीत दिसू लागतात, एखादा तडकतो, आणि कच्चट मातकट वास जाऊन खमंग वास सुटतो. तिथेच कढई उतरवायची. दाणा चावला तर कुटकन मोडला पाहिजे, आतून पिवळसर दिसला पाहिजे, काळपट नव्हे. जमलं तर हुलगे भरडून टरफलं पाखडावीत. पिठाचा तुरटपणा कमी होतो. सोयाबीन मात्र कच्चट राहता कामा नये. त्यात प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारे घटक असतात आणि ते उष्णतेनेच निकामी होतात.

उलट बाजूही आहे. भाजणी जास्त लाल केली की वास भारी येतो, पण प्रथिनांतलं लायसिन हे अमिनो आम्ल त्या करपण्यात खर्ची पडतं. ज्वारी-बाजरीत लायसिन आधीच कमी, म्हणून तर कडधान्यं घालायची. कडधान्यांत मेथिओनिन कमी, ते धान्यांतून मिळतं. दोघांनी एकमेकांची उणीव भरून काढावी, यासाठी केलेली जोडी आपणच जाळून टाकायची, हे कशाला? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने कुपोषित मुलांसाठी जे मिश्रण सुचवलं, तेही भाजलेले गहू, हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे आणि गूळ यांचंच. तत्त्व भाजणीचंच.

दळण जाडसर हवं. सोयाबीन तेलकट असल्याने ते एकटं दळू नये, ज्वारीत मिसळूनच गिरणीत द्यावं. पीठ पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नये.

थालीपीठ करताना या भाजणीला पाणी थोडं जास्त लागतं. कांदा, कोथिंबीर, लसूण-मिरचीचा ठेचा, तीळ, ओवा, मीठ घालून सैलसर मळावं आणि दहा मिनिटं झाकून ठेवावं. ओल्या फडक्यावर थापून मधोमध आणि कडेने भोकं पाडायची, तव्यावर टाकून त्या भोकांत तेल सोडायचं आणि झाकण ठेवायचं. कडधान्याचं पीठ आतून कच्चं राहिलं तर पोट दुखतं, म्हणून आच मंद. दोन थालीपिठांना शंभर ग्रॅम पीठ लागतं. सोबत वाटीभर दही घेतलं, की आणखी साडेचार-पाच ग्रॅम प्रथिनं. दूधदुभत्याच्या या जिल्ह्यात दह्याची वाण नाही. दोन चमचे शेंगदाण्याची चटणी घेतली, तर एकूण आकडा 25 ग्रॅमच्या पुढे जातो.

धान्य कुठलं घ्यावं? राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने हरभऱ्याचे विजय, विशाल, दिग्विजय आणि रब्बी ज्वारीचे फुले वसुधा, फुले रेवती हे वाण दिले. जिल्ह्यातल्या रानांत ते चांगले रुळले आहेत. तिकडे अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावी राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्यापासून भातापर्यंतची गावठी बियाणी जपली, त्यासाठी 2020 सालचा पद्मश्री त्यांना जाहीर झाला. वाल-घेवड्याचे वाळलेले दाणेही भाजून या भाजणीत घालता येतात. मुगाचं प्रमाण तेवढं कमी करावं.

घरात दातांनी थकलेलं माणूस असेल तर थोडे हुलगे वेगळे भाजून बारीक दळून ठेवावेत. दोन चमचे पीठ गार पाण्यात कालवून, उकळत्या गूळपाण्यात सोडून ढवळत राहिलं की माडगं तयार. वर चमचाभर तूप घालावं. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं, आणि ज्यांना कडधान्यांची सवय नाही त्यांनी पहिला आठवडा एकाच थालीपिठावर थांबावं.