रायपूरचा बूढापारा : तलावाकाठी वसलेल्या जुन्या शहराची ओळख

मुंबई-हावडा लोहमार्गावरून रायपूरला उतरणारा मराठी प्रवासी सहसा पुढच्या वाहनाच्या शोधात असतो. कोणाला बस्तरमधील चित्रकोटचा धबधबा पाहायचा असतो, कोणाला राजिमच्या संगमावर जायचे असते, तर कोणी कामकाजानिमित्त नवा रायपूर गाठतो. मुक्कामाचे ठिकाण म्हणून रायपूर सर्वांना ठाऊक आहे. पाहण्याचे शहर म्हणून त्याची गणना क्वचितच होते. रेल्वेस्थानकापासून सुमारे तीन किलोमीटरवर असलेली बूढापारा ही वस्ती आणि तिच्या भोवतालचा परिसर पायी हिंडून पाहिल्यास हा समज टिकत नाही. कलचुरी राजे, नागपूरकर भोसले, इंग्रज अधिकारी, बंगाली वकील आणि मराठी पत्रकार अशा सर्वांच्या खुणा येथे काही फर्लांगांच्या अंतरात आढळतात.

छत्तीसगडीमध्ये ‘पारा’ म्हणजे वस्ती किंवा मोहल्ला. मराठीतील ‘पाडा’ हा शब्द त्याच्याच नात्यातील. ‘बूढा’ या शब्दाचे मात्र दोन अर्थ सांगितले जातात. वस्तीलगतचा बूढा तलाव हा शहरातील जुन्यात जुन्या तलावांपैकी एक, म्हणून तो ‘म्हातारा’ तलाव, असा एक अर्थ. गोंड समाजाचे आराध्यदैवत असलेल्या बूढादेवावरून हे नाव पडले, असे दुसरे मत आहे. छत्तीसगडच्या मैदानातील गोंड वस्तीचे प्राचीनत्व लक्षात घेता दुसरे मत सहज बाजूला सारता येत नाही. दोन्ही मतांत एक गोष्ट समान आहे : तलाव आधीचा, वस्ती नंतरची.

नदी दूर, म्हणून तलाव

जुनी शहरे बहुधा नदीच्या आश्रयाने वाढली. थायलंडची जुनी राजधानी अयुथ्या तीन नद्यांच्या वेढ्यात वसली आणि नदी हाच तिचा तट होता. रायपूरची खारून नदी मात्र जुन्या वस्तीपासून काही किलोमीटर पश्चिमेकडून वाहते. वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडणार, उन्हाळ्यात नदीची धार बारीक होणार आणि भाताच्या शेतीला व माणसांना बारमाही पाणी लागणार. अशा मुलखात पाणी अडवून ठेवणे हाच मार्ग होता. पूर्व विदर्भातील वाचकांना हे वेगळे सांगावयास नको. भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांतील माजी मालगुजारी तलाव, म्हणजेच ‘मामा तलाव’, याच गरजेतून निर्माण झाले. कंबोडियातील अंगकोर येथे हीच गरज इतक्या मोठ्या प्रमाणावर भागवली गेली, की तेथील पश्चिम बाराय हा जलाशय सुमारे आठ किलोमीटर लांब आणि दोन किलोमीटर रुंद आहे.

रायपूरमध्ये तलावांना आणखी एक काम होते. येथील किल्ला कलचुरी राजा भुवनेश्वर देव याने १४६० मध्ये बांधल्याचे सांगितले जाते. किल्ल्याच्या एका अंगाला बूढा तलाव आणि दुसऱ्या अंगाला महाराजबंध, अशी रचना होती. म्हणजे खंदकाचे काम तलावांनी केले. इंग्रजी अमदानीत गॅझेटियर लिहिले गेले तेव्हाच हा किल्ला पडझडीला आला होता आणि आज तर त्याची कल्पनाच करावी लागते. त्याच गॅझेटियरमध्ये बूढा तलाव मूळचा जवळजवळ एक चौरस मैल विस्ताराचा होता, अशी नोंद आहे. आजच्या तलावाच्या काठावर उभे राहून ही नोंद आठवल्यास शहराने किती पाणी गिळले, याचा अंदाज येतो.

रायपूरच्या राजवंशाबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे. रतनपूरच्या कलचुरी घराण्याची एक शाखा चौदाव्या शतकात रायपूरकडे वेगळी झाली. शिवनाथ नदीच्या उत्तरेस रतनपूरचे अठरा गड आणि दक्षिणेस रायपूरचे अठरा गड, असे मिळून छत्तीस गड होतात व त्यावरून प्रदेशाचे नाव पडले, अशी सर्वपरिचित व्युत्पत्ती आहे. रायपूर शाखेतील ब्रह्मदेव या राजाच्या काळचा १४०२ चा शिलालेख उपलब्ध असून त्यात हाटकेश्वराचे मंदिर बांधल्याचा उल्लेख आहे. मंदिर बांधणारा नायक हाजिराज हा होता. कलचुरींचे लेख एकत्र करून त्यांचे साक्षेपी संपादन करण्याचे काम नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी केले. त्यांचा हा ग्रंथ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि आजही या इतिहासाचा अभ्यास त्याच्यावाचून होत नाही.

भोसल्यांचा काळ

१७४१ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर बंगालच्या मोहिमेवर निघाले असता वाटेत रतनपूर त्यांच्या स्वाधीन झाले. पुढे रघूजींचे पुत्र बिंबाजी भोसले यांनी रतनपूर येथे राहून १७८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत या प्रदेशाचा कारभार पाहिला. रतनपूरच्या टेकडीवरील राममंदिर त्यांचेच. रायपूरमध्ये महाराजबंध तलावाजवळ त्यांनी १७७५ मध्ये रामचंद्राचे मंदिर उभारल्याची नोंद आहे. दूधाधारी मठ याच परिसरात आहे. केवळ दुधावर राहणाऱ्या महंत बलभद्रदास यांच्यावरून मठाला हे नाव मिळाले. विजयादशमीला एकमेकांस ‘सोने’ देण्याची प्रथा छत्तीसगडमध्ये बिंबाजींच्या काळात रुजली, असे स्थानिक अभ्यासक मानतात.

बिंबाजींच्या पश्चात मात्र चित्र पालटले. नागपूरहून सुभेदारांमार्फत कारभार सुरू झाला, जास्तीत जास्त वसुली करून देणाऱ्याकडे प्रदेश सोपवला जाऊ लागला आणि त्याचा भार रयतेवर पडला. मराठी वाचकाने हा भागही वाचावयास हवा. छत्तीसगडच्या लोकस्मृतीत मराठा राजवटीचे दोन्ही चेहरे आहेत. १८१८ नंतर इंग्रज अधीक्षकांच्या हाती कारभार गेला आणि कर्नल ॲग्न्यू यांनी मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला हलवले. आजच्या राजधानीचे बीज त्या निर्णयात आहे. १८३० मध्ये प्रदेश पुन्हा भोसल्यांकडे आला व १८५४ मध्ये नागपूर राज्याबरोबर तो खालसा झाला.

या काळातील मराठी वस्तीची खूण तात्यापारा या मोहल्ल्याच्या नावात राहिली आहे. बूढापाऱ्यापासून तेथे चालत जाता येते. वाटेत कंकाली तलाव लागतो. सतराव्या शतकाच्या अखेरीस महंत कृपालगीर यांनी तो चहूबाजूंनी दगडात बांधून काढला आणि मधोमध महादेवाचे छोटे मंदिर उभारले. पाणी भरले असता हे मंदिर बुडालेले असते, त्यामुळे शहरातील अनेकांनी ते पुरते पाहिलेले नाही. जवळचा कंकाली मठ वर्षातून एकदाच, दसऱ्याला उघडतो. त्या दिवशी तेथील जुनी शस्त्रे भाविकांना पाहता येतात.

दोन बिऱ्हाडे, दोन शाळकरी मुले

१८७७ मध्ये कोलकात्याचे वकील विश्वनाथ दत्त कामानिमित्त रायपूरला आले. त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा नरेंद्र कुटुंबासमवेत नंतर येथे पोहोचला. त्या वेळी रायपूरपर्यंत रेल्वे नव्हती. शेवटचा मोठा टप्पा जंगलातून बैलगाडीने पार करावा लागला. या प्रवासात डोंगराच्या कपारीतील प्रचंड मोहोळ पाहून मुलाचे भान हरपल्याचा प्रसंग स्वामी विवेकानंदांच्या चरित्रांत आढळतो. प्रवास नागपूरमार्गे झाला की जबलपूरमार्गे, यावर चरित्रकारांचे एकमत नाही. १८७९ पर्यंत हे कुटुंब रायपुरात राहिले. मुलाचे शिक्षण या काळात मुख्यतः वडिलांच्या देखरेखीखाली आणि घरी येणाऱ्या विद्वानांच्या चर्चा ऐकत झाले.

दत्त कुटुंबाचे वास्तव्य बूढापाऱ्यातील डे भवनात होते, अशी येथील परंपरा आहे. हे घर रायबहादूर भूतनाथ डे यांचे. त्यांचे पुत्र हरिनाथ डे यांचा जन्म १८७७ चा. पुढे ते बहुभाषाकोविद म्हणून विख्यात झाले. तीसहून अधिक भाषा त्यांना अवगत होत्या. १९०७ मध्ये कोलकात्याच्या इम्पीरियल लायब्ररीचे, म्हणजे आजच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे, ते पहिले भारतीय ग्रंथपाल झाले. १९११ मध्ये अवघ्या चौतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. विवेकानंदांच्या नावामागे हरिनाथ डे यांचे नाव झाकले गेले आहे आणि रायपूरच्या पर्यटन-पत्रकांत त्यांना मिळते त्याहून अधिक जागा मिळावयास हवी.

बूढा तलावाचे अधिकृत नाव आज विवेकानंद सरोवर आहे. तलावातील बेटावर स्वामीजींचा सदतीस फूट उंचीचा ध्यानस्थ पुतळा आहे. शहरातील विमानतळालाही २०१२ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. रिक्षावाल्यांना मात्र ‘बूढा तालाब’ म्हटल्यावरच ठिकाण समजते.

तलावाजवळची माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळा मराठी प्रवाशाचे लक्ष वेधून घेते. सप्रे यांचा जन्म १८७१ मध्ये दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे, मराठी कुटुंबात झाला. त्यांनी आयुष्य वाहिले ते हिंदीला. जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून त्यांनी ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे मासिक सुरू केले. रामराव चिंचोळकर हे त्यांचे सहसंपादक आणि वामन बळीराम लाखे प्रकाशक. छत्तीसगडमधील हिंदी पत्रकारितेचा पाया घालणारे हे तिघेही मराठीभाषक होते. मासिक तीनच वर्षे चालले, परंतु १९०१ मध्ये त्यात प्रसिद्ध झालेली सप्रे यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा हिंदीतील आरंभीच्या कथांत गणली जाते. १९०७ मध्ये त्यांनी नागपूरहून ‘हिंदी केसरी’ काढला व पुढच्याच वर्षी राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली. समर्थांचा ‘दासबोध’ आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदी वाचकांपर्यंत पोहोचले ते सप्रे यांच्या अनुवादातून. १९२६ मध्ये रायपूर येथेच त्यांचे निधन झाले. लाखे यांचे नाव लाखेनगर या वस्तीला आहे. १९३५ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र मंडळ आता चौबे कॉलनीत असून तेथे मराठी मंडळींची ये-जा सुरू असते.

तलाव आटतात कसे

रायपूरला तलावांचे शहर म्हणण्याची रीत आहे, पण त्यातील अनेक तलाव आता केवळ नावापुरते आहेत. राजबंधा तलाव बुजवून मैदान झाले आणि त्यावर वृत्तपत्रांच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. लेंडी तलावाच्या जागी शास्त्री बाजार भरतो. तेलीबांधा उरला आहे, परंतु आकसून. त्याच्या काठावरील रस्त्याला रायपूरकर ‘मरीन ड्राइव्ह’ म्हणतात.

तलाव एका दिवसात बुजवला जात नाही. पाणलोटातून पाणी आणणारे ओहोळ आधी घरांखाली जातात. पावसाचे स्वच्छ पाणी येण्याचे थांबते आणि त्याच वाटांनी मोहल्ल्यांचे सांडपाणी येऊ लागते. सांडपाण्यातील पोषकद्रव्यांवर जलपर्णी माजते, ती कुजली की पाण्यातील प्राणवायू घटतो, तळाशी गाळ साचतो आणि तलाव उथळ होतो. उथळ, दुर्गंधीयुक्त तलावाविषयी नागरिकांना ममत्व राहत नाही आणि मग काठावरची जमीन मोकळी दिसू लागते. बूढा तलावावर जलपर्णीचे आक्रमण अनेकदा झाले आहे. ‘स्मार्ट सिटी’ योजनेतून येथे पदपथ, रोषणाई आणि कारंजे आले. संध्याकाळी कुटुंबांची गर्दी होते, हे खरे. तरीही कारंजे आणि येणाऱ्या नाल्यांचे शुद्धीकरण ही एकाच मापाने मोजण्याची कामे नव्हेत. पहिले डोळ्यांना दिसते, तलाव जगतो तो दुसऱ्यामुळे.

तलावाकाठची आणखी एक ओळख आता इतिहासजमा झाली आहे. राज्यनिर्मितीनंतर बूढापारा हे राजधानीतील धरणे-आंदोलनांचे ठिकाण बनले होते. शिक्षक, अंगणवाडी सेविका, शेतकरी येथे मंडप घालून बसत. वाहतुकीच्या आणि रहिवाशांच्या तक्रारींनंतर २०२२ मध्ये हे स्थळ नवा रायपूरमधील तूता येथे हलवण्यात आले. रहदारी सुटली; आंदोलकांचा आवाज मात्र वस्तीपासून दूर गेला.

नदीकडे आणि पुढे

जुने शहर पाहून झाल्यावर खारून नदीवरील महादेव घाटाकडे जावे. १४०२ च्या लेखातील हाटकेश्वराचे मंदिर येथे असल्याचे मानले जाते. आजच्या वास्तूवर मात्र नंतरच्या काळातील डागडुजीचा थर आहे. कार्तिक पौर्णिमेला घाटावर मोठी जत्रा भरते. खारून पुढे शिवनाथला आणि शिवनाथ महानदीला मिळते.

महंत घासीदास स्मारक संग्रहालय वगळून रायपूर पाहिले असे म्हणता येणार नाही. राजनांदगावचे राजे महंत घासीदास यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये स्थापन झालेले हे देशातील जुन्या संग्रहालयांपैकी एक. सध्याच्या इमारतीचे उद्घाटन १९५३ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. सिरपूर येथे सापडलेल्या बौद्ध कांस्यमूर्ती येथील सर्वांत मौल्यवान ठेवा होत. त्या पाहून मगच महानदीकाठच्या सिरपूरला जाणे इष्ट. सातव्या शतकातील विटांचे लक्ष्मण मंदिर राणी वासटा हिने पती हर्षगुप्त याच्या स्मरणार्थ बांधले. तेथील विहारांचे उत्खनन १९५० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ मो. गं. दीक्षित यांनी केले. रायपूरहून सिरपूर सुमारे ८० किलोमीटर असून सकाळी निघाल्यास संध्याकाळी परतता येते.

नागपूरहून रायपूर रेल्वेने सुमारे ३०० किलोमीटर आहे आणि या मार्गावर दिवसभर गाड्या असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ फिरण्यास सोयीचा. एप्रिल-मेमध्ये दुपारी पायी हिंडणे टाळावे. कंकाली मठ पाहायचा असल्यास दसऱ्याचाच मुहूर्त साधावा लागेल. बूढापारा, कंकाली तलाव, तात्यापारा आणि दूधाधारी मठ एवढे पाहण्यास अर्धा दिवस पुरतो. गल्ल्या अरुंद असल्याने वाहन तलावाकाठी सोडून द्यावे.