Explained: 'आगाखान' हे नाव की पदवी? पुण्याच्या पॅलेसमागचे 'आगाखान' नेमके कोण?
नाशिक : 'दादासाहेब' म्हटले की नाशिककरांसमोर दोन माणसे उभी राहतात. त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके आणि काळाराम मंदिर सत्याग्रहातले भाऊराव कृष्णराव गायकवाड. 'दादासाहेब' हे दोघांचेही मूळ नाव नाही, तो मान आहे. 'आगाखान' या शब्दाचेही असेच आहे. पुण्याचा आगाखान पॅलेस सगळ्यांना माहीत असतो, पण आगाखान नावाचा एक कुणी माणूस होता, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात आगाखान आजवर पाच झाले आहेत.

'आगा' म्हणजे काय?

मध्य आशियातल्या तुर्की-मंगोल भाषांमध्ये या शब्दाचा जुना अर्थ मोठा भाऊ, वडीलधारा. म्हणजे आपला 'दादा'च. पुढे ऑटोमन तुर्कस्तानात ती अधिकाऱ्यांची पदवी झाली. सुलतानाच्या जॅनिसरी फौजेचा प्रमुख 'आगा' म्हणवला जाई. तुर्की उच्चारात मधला 'ग' जवळपास ऐकू येत नाही.

'खान' हीसुद्धा मुळात राजा किंवा सरदाराची पदवी. शेजारच्या खानदेशच्या नावात हाच 'खान' आहे, असे एक मत आहे. तिथले फारुकी राजे ही पदवी लावत. म्हणजे 'आगाखान' या शब्दात नाव कुठेच नाही, दोन्ही मानच आहेत.

ही पदवी भारतात कशी आली?

इराणचा काजार बादशहा फतेह अली शाह याने १९व्या शतकाच्या सुरुवातीला हसन अली शाह यांना ही पदवी दिली. ते निजारी इस्माइली पंथाचे ४६वे इमाम. इराणमधल्या संघर्षानंतर ते अफगाणिस्तान, सिंधमार्गे मुंबईत आले आणि इथेच स्थायिक झाले.

मुंबईत खोजा समाजातील एका गटाने त्यांच्या अधिकाराला आव्हान दिले. १८६६ मध्ये मुंबई हायकोर्टाचे न्या. जोसेफ अर्नोल्ड यांनी आगाखानांच्या बाजूने निकाल दिला. ते समाजाचे धार्मिक प्रमुख आहेत आणि अनुयायांकडून रिवाजाने येणाऱ्या रकमांवर त्यांचा हक्क आहे, असे कोर्टाने मान्य केले. महत्त्वाचे म्हणजे हा हक्क बादशहाने दिलेल्या पदवीमुळे नव्हे, तर वंशपरंपरेने आलेल्या इमामपदामुळे मान्य झाला.

आतापर्यंतचे पाच आगाखान

• पहिले : हसन अली शाह. १८८१ मध्ये निधन. कबर मुंबईत माझगावला.
• दुसरे : अली शाह (१८८१ ते १८८५).
• तिसरे : सुलतान महंमद शाह (१८८५ ते १९५७). पुण्यातला पॅलेस १८९२ मध्ये यांनी बांधला.
• चौथे : शाह करीम (१९५७ ते २०२५). १९६९ मध्ये त्यांनी ही वास्तू भारताला दिली.
• पाचवे : रहीम. फेब्रुवारी २०२५ पासून.

ऑगस्ट १९४२ ते मे १९४४ या काळात महात्मा गांधी याच पॅलेसमध्ये नजरकैदेत होते. महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा यांचे निधनही इथेच झाले. म्हणून 'पॅलेस आगाखान यांनी बांधला आणि देशाला दिला' हे वाक्य अर्धवट आहे. बांधणारे तिसरे, देणारे चौथे. नात्याने आजोबा आणि नातू.

इंग्रजीत कसे लिहितात?

इंग्रजीत या पदवीआधी 'द' लावतात : 'द आगाखान'. माणसाच्या नावाआधी सहसा 'द' येत नाही, पदाआधी येतो. नेमकी व्यक्ती सांगायची तर पुढे 'द थर्ड', 'द फोर्थ' असा क्रमांक जोडतात. 'खान' हे आडनाव समजून 'मिस्टर खान' लिहिणे चूक. 'हिज हायनेस' ही बिरुदावली मात्र वेगळी, ती ब्रिटिश राजघराण्याने दिलेली आहे. आणि हो, इंग्रजी कादंबऱ्यांत स्वयंपाकघरातली 'आगा' शेगडी दिसली तर गोंधळू नका. ते एका स्वीडिश कंपनीच्या नावाचे लघुरूप आहे, या पदवीशी त्याचा संबंध नाही.

थोडक्यात, पुढच्या वेळी 'आगाखान' वाचले की आधी क्रमांक शोधा. क्रमांक नसेल तर सोबतचे साल पाहा, कोणते आगाखान ते लगेच कळेल.