हृदयदौर्बल्य आणि रुग्णालयोत्तर परिचर्या

हृदयदौर्बल्याचा रुग्ण रुग्णालयातून घरी गेला म्हणजे उपचार संपले, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः त्यानंतरचे काही आठवडे सर्वांत धोक्याचे असतात. हृदयाची शक्ती क्षीण झाली की मूत्रपिंडे मीठ व पाणी शरीरात राखून ठेवू लागतात. हे पाणी प्रथम वजनात दिसते, मग पायांवरील सुजेत आणि पुष्कळदा अखेरीस श्वास लागण्यात. तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वजन वाढणे ही पूर्वसूचना होय. ती वेळीच ओळखून मूत्रल औषधाची मात्रा वैद्यकीय सल्ल्याने बदलल्यास रुग्णालयाची पुनर्वारी बहुधा टळते. मात्र ती ओळखणार कोण, हाच खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर १९९५ साली अमेरिकेतील सेंट लुइस येथील अभ्यासाने दिले. सत्तर वर्षे व त्यावरील २८२ रुग्णांच्या या पाहणीत निम्म्या रुग्णांना परिचारिकेच्या नेतृत्वाखाली आहार, औषधे व गृहभेटी यांचे साहाय्य मिळाले. ९० दिवसांत नेहमीच्या उपचारांच्या गटात ९४ वेळा, तर परिचर्येच्या गटात ५३ वेळाच पुनःप्रवेश घडले. फिलाडेल्फियातील सहा रुग्णालयांतील २३९ वृद्धांच्या अभ्यासातही (२००४) वर्षभरातील पुनःप्रवेश १६२ विरुद्ध १०४ असे आढळले. तेथे तीच परिचारिका रुग्णालयात व नंतर घरी तीन महिने रुग्णासोबत होती. परिणामाचे मर्म या सातत्यात असावे.

आपल्याकडे हे कसे साधावे? पुणे-नगर रस्त्यावरील वाघोलीचे उदाहरण घ्यावे. २०२१ साली महापालिकेत आलेल्या या गावात जुनी शेतकरी कुटुंबे, दगडखाणींतील मजूर व नव्या सदनिकांतील नोकरदार शेजारी राहतात. रुग्ण शहरातील रुग्णालयातून परततो, तेव्हा घरी वजनकाटा असतोच असे नाही. औषधांच्या चिठ्ठीवरील मजकूर कित्येकांना वाचता येत नाही. 'मीठ कमी खा' हा उपदेश पापड, लोणचे व खारवलेल्या मिरच्यांपर्यंत पोहोचत नाही, आणि खाणीवरील मजुरास खाडा परवडत नाही. अशा घरी पहिल्याच आठवड्यात भेट देणारी, रुग्णाच्या भाषेत बोलणारी परिचारिका छापील सूचनापत्रकापेक्षा अधिक उपयोगी पडेल.

या परिसरास अशा कार्याची परंपरा आहे. जवळच्याच वढू येथे डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९७० च्या दशकात ग्रामीण आरोग्यकार्य उभारले व गावातीलच कार्यकर्त्यांस शिक्षण दिले. तेथे माता व बालके हा मुख्य विषय होता. जुनाट विकारांस तेच तत्त्व लागू करता येईल.

तथापि एक मर्यादा लक्षात ठेवली पाहिजे. परदेशातील परिचारिकेस त्वरित सल्ला देणारा वैद्य मागे उभा होता. औषधाची मात्रा बदलण्याची व्यवस्था नसेल, तर वाढलेले वजन केवळ वहीत नोंदले जाईल. म्हणून रुग्णालयाच्या दारापासून रुग्णाच्या उंबरठ्यापर्यंतचे दायित्व कोणाचे, हे आधी निश्चित झाले पाहिजे.