धरणे अनेक, स्क्रिप्ट एकच

गोदावरीच्या वरच्या खोऱ्यात गंगापूर, दारणा, भंडारदरा, मुळा अशी अनेक धरणे आहेत आणि या सगळ्यांच्या खाली पैठणला जायकवाडी. प्रत्येक धरणाच्या पाणलोट क्षेत्रात पावसाळ्यात सरासरी किती पाऊस पडला, हे नकाशावरून काढणे अवघड नाही. कंटाळवाणे मात्र आहे. जीआयएस (भौगोलिक माहिती प्रणाली) सॉफ्टवेअरमध्ये एका धरणाचे क्षेत्र निवडायचे, पावसाच्या माहितीचा थर त्या हद्दीपुरता कापायचा, सरासरी काढायची, आकडा तक्त्यात भरायचा, की पुढचे धरण. हेच महाराष्ट्रातल्या चाळीस हजारांहून अधिक गावांसाठी करायचे तर माणूस थकतो आणि थकला की चुकतो. म्हणून अशी कामे स्क्रिप्टवर, म्हणजे संगणकाला लिहून दिलेल्या सूचनांवर, सोपवली जातात.

सगळी क्षेत्रे एका दमात का देऊ नयेत? बहुतेक वेळा द्यावीतच. कोणत्या गावात किती विहिरी, हे स्पेशियल जॉइन, म्हणजे जागेवरून थर जोडणारे साधन, एकाच आदेशात मोजते आणि तेही झटपट. अडचण येते ती क्षेत्रे एकमेकांवर पडतात तेव्हा. गंगापूरचे पाणलोट क्षेत्र जायकवाडीच्या पाणलोट क्षेत्राच्या पोटातच आहे. काही साधने हिशेबाआधी हद्दींचे रास्टर करतात, म्हणजे जमीन छोट्या चौकोनांत विभागतात, आणि एका चौकोनाला एकाच धरणाचा क्रमांक मिळतो. त्र्यंबकेश्वराकडचा चौकोन गंगापूरला गेला, तर जायकवाडीच्या हिशेबातून तो गळतो. सह्याद्रीलगतचा भरपूर पावसाचा पट्टा असा वगळला गेला की जायकवाडीची सरासरी प्रत्यक्षाहून कमी निघते, आणि सॉफ्टवेअर चकार शब्द काढत नाही. एकेक क्षेत्र सुटे चालवले की हा घोळ होत नाही.

त्यासाठी प्रोग्रामिंग यायलाच हवे असे नाही. 2002 साली सुरू झालेल्या, मोफत मिळणाऱ्या क्यूजीआयएसमध्ये एक बटण दाबले की तीच क्रिया थरातल्या प्रत्येक फीचरवर, म्हणजे एकेका क्षेत्रावर, आपोआप होते. आर्कजीआयएसच्या मॉडेलबिल्डरमध्ये इटरेटर हेच काम करतो. त्यापुढे पायथनची स्क्रिप्ट. तिचा गाभा चार-पाच ओळींचा लूप असतो: फीचर घे, काप, मोज, लिही, पुढे जा.

खरी मेहनत लूपभोवतीच्या बारकाव्यांत आहे. निकालाच्या फाइलला गावाचे नाव दिले, तर महाराष्ट्रातल्या दुसऱ्या वडगावची फाइल पहिल्या वडगावची फाइल पुसून टाकते. म्हणून नावाऐवजी जनगणनेचा गावकोड वापरावा. थर अक्षांश-रेखांशांत असेल आणि गावाभोवतीच्या पाच किलोमीटरच्या वर्तुळासाठी नुसता 5 आकडा दिला, तर तो पाच अंश धरला जातो. अक्षांशाचा एक अंश सुमारे 111 किलोमीटरचा. त्यामुळे थर आधी मीटरच्या प्रक्षेपणात आणावा लागतो, आणि तिथेही मेख आहे: नाशिक, पुणे यूटीएम या प्रक्षेपणाच्या 43व्या पट्ट्यात, तर नागपूर, गडचिरोली 44व्या.

एखाद्या गावाची हद्दरेषा स्वतःलाच छेदत असेल, तर रात्रभर चालायला ठेवलेली स्क्रिप्ट त्याच गावाशी अडून बसते. अशा वेळी त्रुटी नोंदवून पुढे जाण्याची सोय स्क्रिप्टमध्येच हवी. आणि पूर्ण यादी सोडण्याआधी दोन-तीन क्षेत्रांचे आकडे हाताने काढून स्क्रिप्टच्या आकड्यांशी ताडून पाहावेत. ते जुळल्याशिवाय पुढच्या हजारोंना हात लावू नये.