रंग, प्रकाश आणि न भरणारी जखम

आषाढ लागला, कीं शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांतील खाचरें माणसांनीं गजबजून जातात. डोक्यावर इरलें, पाय पोटरीपर्यंत चिखलांत, अशा स्थितींत आवणी चालते. आठपंधरा दिवस पाय सारखे ओले राहिले, म्हणजे बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. कातडी सुटते, त्यांत काटा किंवा काडी शिरते आणि क्षुल्लक जखम पिकूं लागते. माहुलीच्या पायथ्याचा कातकरी मजूर असो, कीं आपल्या घरांतील मधुमेही आजोबा असोत, चिघळलेल्या जखमेपुढें दोघेही सारखेच हतबल. परंतु मजुराचा पाय हेंच त्याचें भांडवल. तें गेलें तर घरची चूल थंडावते.

एके काळीं अशा जखमेस पेनिसिलीन पुरे होई. १९२८ सालीं तें शोधून काढणाऱ्या फ्लेमिंगसाहेबांनीं १९४५ सालीं नोबेल पारितोषिक स्वीकारतांनाच बजावलें होतें, कीं अपुऱ्या मात्रेनें औषध घेतल्यास जंतु त्याला सरावतील. तसेंच झालें. पेनिसिलीनला न जुमानणाऱ्या जंतूंसाठीं मेथिसिलीन निघालें, तों १९६१ सालीं इंग्लंडांत त्यालाही दाद न देणारे जंतु आढळले. २०१९ या एका वर्षांत अशा जंतूंमुळें जगांत सुमारें १२ लक्ष ७० हजार माणसें दगावलीं, असा अंदाज 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानें २०२२ सालीं प्रसिद्ध केला.

मग उपाय काय? एक वाट प्रकाशाची आहे. कोडावर बावचीचा लेप लावून रोग्यास उन्हांत बसविण्याचा उपचार आपल्याकडे जुनाच आहे. त्वचेच्या क्षयावर प्रकाशकिरण योजणाऱ्या नील्स फिन्सेन यांना १९०३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु प्रस्तुत उपायाचा खरा आरंभ म्यूनिक येथें झाला. ऑस्कर राब नांवाचा विद्यार्थी प्रोफेसर फॉन टॅपायनर यांच्या हाताखालीं, अ‍ॅक्रिडिन या रंगद्रव्याचा पाण्यांतील सूक्ष्म जीवांवर काय परिणाम होतो, तें पाहत होता. मात्रा तीच, पण ते जीव कधीं झटकन मरत, तर कधीं बराच वेळ तग धरीत. भेद औषधाचा नव्हता, उजेडाचा होता! १९०० सालीं हें संशोधन प्रसिद्ध झालें.

त्याचें मर्म असें: जखमेवर मेथिलीन ब्लूसारखें रंगद्रव्य लावतात. तें जंतूंच्या आवरणास चिकटतें. कांहीं मिनिटांनीं त्यावर तांबडा प्रकाश टाकला, म्हणजे तें प्रकाशांतील शक्ति शोषून जवळच्या प्राणवायूस देतें. हा चेतलेला प्राणवायु क्षणाच्या अत्यल्प अंशापुरताच टिकतो. पण तेवढ्यांत जंतूंचें आवरण, प्रथिनें, बीजद्रव्य, जें सांपडेल तें उद्ध्वस्त करतो. नेहमींचें औषध म्हणजे एका कुलपाची एक किल्ली. जंतूनें कुलूप बदललें, कीं किल्ली निकामी. येथें घराला सर्व बाजूंनीं आग लागते; मग कोणतें कुलूप बदलणार? म्हणून जंतु या उपायास सहसा सरावत नाहींत. आपल्या हळदींतील कर्क्युमिनही निळ्या प्रकाशांत असेंच कार्य करतें.

हिरड्यांच्या विकारांत दंतवैद्य इतर उपचारांच्या जोडीला हा उपाय वापरतात. मधुमेहाच्या व्रणांवर प्रयोग चालू आहेत. मर्यादाही स्पष्ट आहेत. प्रकाश शरीरांत कांहीं मिलिमीटरच शिरतो. रक्तांत भिनलेला किंवा फुप्फुसांतील रोग त्याच्या आटोक्याबाहेर आहे. ज्या जंतूंना दुहेरी आवरण असतें, ते रंगद्रव्यास सहज आंत येऊं देत नाहींत. म्हणून हें औषधांना पर्याय नव्हे, त्यांचा साहाय्यक होय.

तरीही या मुलुखाला तो सोईचा आहे, असें आम्हांस वाटतें. रंगद्रव्य स्वस्त, दिवा लहानसा व बॅटरीवर चालण्याजोगा. पावसांत वीज गेली तरी अडायचें नाहीं. कसाऱ्याकडील किंवा माळशेजच्या पायथ्याच्या पाड्यावरून ठाण्यास जावयाचें, तर गाडीभाडें आणि बुडालेली मजुरी दोन्हीं आलीं. म्हणून जखम हाताबाहेर जाईपर्यंत माणूस थांबतो. प्रयोग यशस्वी ठरल्यास हा दिवा प्रथम गांवच्या दवाखान्यांत यावा. तानसा-भातसाचें पाणी येथून मुंबईस जातें. मुंबईच्या विद्येचा थोडा अंश उलट वाहत यावा, यांत अवाजवी तें काय?

तोंवर आपल्या हातीं कांहींच नाहीं, असें मात्र नाहीं. डब्यांतील हळद आणि घरचा दिवा घेऊन कोणीं हा प्रयोग करूं नये. तें वैद्याचें काम. ज्या औषधाच्या पाकिटावर उभी लाल रेघ आहे, तें डॉक्टरांच्या सांगण्यावांचून घेऊं नये व सांगितलेला क्रम अर्धवट सोडूं नये. मागच्या दुखण्यांतील उरलेल्या गोळ्या, सोय म्हणून, शेतावरच्या गड्याला देण्याची चाल कित्येक घरांत आहे. ती दया नव्हे. त्याच्या पायाला लागलें, तर जखम धुवून कोरडी करावी आणि त्याला वेळींच दवाखान्यांत न्यावें. त्या दिवसाची मजुरी मात्र कापूं नये.