कोकण : भूमी, हवामान आणि शब्द



प्रादेशिक साहित्यावरील एका संपर्क सत्रात पैठण तालुक्यातून येणाऱ्या विद्यार्थिनीने मला विचारले होते, "सर, कोकणात आपल्या चौपट पाऊस पडतो म्हणतात. मग तिथल्या कथेतली बाई एप्रिलमध्ये हंडा घेऊन डोंगर का उतरते? लेखकाने आपल्याकडचे वर्णन तिकडे नेऊन ठेवले असेल का?" प्रश्न भाबडा नव्हता. तिच्या गावात दर उन्हाळ्यात टँकर येत असे. पाणी नसण्याचे एकच कारण तिच्या अनुभवात होते, ते म्हणजे पाऊस नसणे. लेखकावरचा तिचा हा संशय दूर करायचा तर आधी कोकणची भूमी पाहिली पाहिजे.

नकाशा समोर घ्या. डहाणू आणि छत्रपती संभाजीनगर ही दोन्ही ठिकाणे जवळजवळ एकाच अक्षांशावर, विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे २० अंशांवर आहेत. दोन्ही उष्ण कटिबंधात मोडतात. दोन्हींवर सूर्य सारखाच तळपतो. तरीही मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो आणि पावणेतीनशे किलोमीटर पश्चिमेला असलेले डहाणू त्या मानाने सौम्य राहते. पाणी जमिनीपेक्षा सावकाश तापते आणि सावकाश निवते, म्हणून समुद्रकाठी दिवस व रात्र यांच्या तापमानात फारसे अंतर पडत नाही. तेथील माणूस उन्हाने पोळत नाही, दमट हवेने घामाघूम होतो.

पावसाच्या बाबतीत निर्णायक ठरतो तो सह्याद्री. कोकण ही समुद्र आणि हा डोंगर यांच्यामधली, साधारण ३० ते ८० किलोमीटर रुंदीची चिंचोळी पट्टी आहे. जूनमध्ये अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन आलेले नैर्ऋत्य मोसमी वारे या भिंतीवर आदळतात, वर चढतात, थंड होतात आणि बाष्प खाली टाकतात. भूगोलात याला प्रतिरोध पर्जन्य म्हणतात. कोकणात वर्षाला साधारणपणे २,५०० ते ३,५०० मिलिमीटर पाऊस पडतो. घाटमाथ्यावरील आंबोलीत तर तो ७,०००च्या आसपास जातो. डोंगर ओलांडून वारे पूर्वेकडे उतरू लागले की ते कोरडे होत जातात. तो पर्जन्यछायेचा प्रदेश. आपले शहर त्याच्याही पूर्वेला, ७०० मिलिमीटरच्या आसपास.

मग हे पाणी जाते कोठे? त्र्यंबकच्या परिसरात दोन नद्या उगम पावतात. गोदावरी पूर्वेकडे वळते, पैठणला नाथसागरात अडते आणि सुमारे १,४६५ किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. वैतरणा पश्चिमेकडे उतरते आणि दीडशे किलोमीटरांच्या आसपास तिचा प्रवास संपतो. कोकणातील बहुतेक नद्या तिच्याहूनही आखूड आहेत. तीव्र उतारावरून पावसाचे पाणी अल्पावधीत खाडीला जाऊन मिळते. जमिनीत मुरलेले पाणीही फार काळ थांबत नाही, कारण वरचा जांभा दगड सच्छिद्र असतो. त्यातून पाणी झिरपते, उतारावर झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते आणि हे झरे उन्हाळ्यात आटू लागतात. चार महिन्यांत सारा पाऊस पडून जातो. पुढचे आठ महिने साठवणीवर काढायचे असतात आणि साठवण तर थोडी. कथेतील बाई डोंगर उतरते ती म्हणूनच. लेखक खरेच सांगत होता.

आता शब्दांकडे वळू. भूमी ठाऊक नसली की शब्दही फसवतात. कोकणातला माणूस आपल्या पट्टीचेही दोन भाग करतो : समुद्रालगतची सखल खलाटी आणि सह्याद्रीच्या पायथ्याकडची वलाटी. डोंगरापलीकडचा तो 'देश'. आपण ज्या अर्थाने देश म्हणतो, त्याहून हा अर्थ वेगळा. देशावरून आलेला माणूस कोकणात 'घाटी' ठरतो आणि त्या शब्दात थोडा तुच्छतेचा सूर असतो. आपल्या शहरात मात्र 'घाटी' म्हटले की रिक्षावाला निमूटपणे शासकीय रुग्णालयाकडे वळतो! 'आगर' हा शब्द आपण 'गुणांचे आगर' अशा लाक्षणिक प्रयोगातच वापरतो. किनाऱ्यावर आगर म्हणजे प्रत्यक्ष नारळी-पोफळींची बाग, आणि मीठ पिकते ते मिठागर.

वाऱ्यांनाही तेथे स्वतंत्र नावे आहेत. दिवसा समुद्राकडून येणारा तो खारा वारा, रात्री जमिनीकडून समुद्राकडे जाणारा तो मतलई. शिडाची होडी पहाटे मतलईवर बाहेर पडे आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परते. पाठ्यपुस्तकात हे शब्द येण्यापूर्वी दर्यावर्दींच्या रोजच्या हिशेबात ते होते. आपल्याकडे वळीव, झड, मृगाचा पाऊस असे पावसाचे बारकावे आहेत. वाऱ्याचे इतके नाहीत, कारण आपले पोट वाऱ्याच्या दिशेवर तितके अवलंबून नव्हते.

श्री. ना. पेंडसे यांची 'गारंबीचा बापू' (१९५२) ही कादंबरी वाचताना शेजारी रत्नागिरी जिल्ह्याचा नकाशा ठेवा. निसर्गवर्णनाचे परिच्छेद ओलांडून पुढे जाण्याची सवय अनेकांना असते. परीक्षेच्या घाईत मीही विद्यार्थिदशेत तेच केले होते.

स्वाध्याय : आपल्या घरातील वा गावातील वयस्कर व्यक्तींकडून पाऊस, वारा, जमीन आणि पाणवठे यांसाठी वापरले जाणारे किमान पंधरा शब्द मिळवा. प्रत्येक शब्द कोणत्या महिन्यात, कोणत्या कामाच्या वेळी वापरला जातो, ते त्यापुढे लिहा. जे शब्द तुम्ही स्वतः वापरत नाही, त्यांच्यापुढे खूण करा आणि पुढील संपर्क सत्रास येताना ही यादी सोबत आणा.