कॅथेड्रलशेजारचे अझ्टेक मंदिर

मेक्सिको सिटीत कॅथेड्रलला लागूनच टेम्प्लो मायोर, अझ्टेकांच्या मुख्य मंदिराचे अवशेष आणि संग्रहालय आहे. १५२१ साली स्पॅनिशांनी शहर जिंकले, मंदिर पाडले आणि त्याचेच दगड नव्या इमारतींना लावले. १९७८ मध्ये वीज कंपनीच्या कामगारांना खोदताना सव्वातीन मीटर व्यासाची शिळा लागली. तिच्यावर कोयोल्शाउकी ही देवी कोरली आहे. कथेप्रमाणे भावानेच तिचे तुकडे केले. आम्ही वरच्या मजल्यावरून पाहिले, तेव्हा कुठे तुटलेले हातपाय ओळखू आले.

नरबळीचा विषय गाइडबाई टाळतील, असे आम्हाला वाटले होते. त्यांनी उलट जवळच सापडलेल्या कवट्यांच्या बुरुजाविषयी सांगितले. त्यात बायका-मुलांच्याही कवट्या निघाल्या. मग स्पॅनिशांबरोबर आलेल्या देवीच्या रोगाने झालेला संहारही तितक्याच शांतपणे सांगितला. टोमॅटो, चॉकलेट हे शब्द अझ्टेकांच्या नावात्ल भाषेतून आलेले. ती आजही लाखो घरांत बोलली जाते.